खिळ्यावरची जागा

सकाळचे साडेसहा वाजले आहेत आणि तुम्ही माझ्या परसात बसला आहात. खुर्ची कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेली, हातात चहाचा कप, पाय आखडून घेतलेले. हललात की समोरचं सगळं थांबेल, हे मी आधीच बजावून ठेवलंय. होळी होऊन चार दिवस झालेत, पुण्यातली थंडी आता पहाटेपुरतीच उरली आहे. शेवगा फुलांनी भरलाय. कपडे वाळत घालायची तार मोकळी आहे. आणि समोर, न्हाणीघराच्या भिंतीवर, छज्ज्याखाली, जमिनीपासून नऊ फुटांवर एक लाकडी पेटी टांगली आहे. जुन्या खोक्याच्या फळ्यांची, आतून रंधा न मारलेली, कारण पिल्लांना भोकापर्यंत चढताना नखं रोवायला खरखरीत लाकूड लागतं. तोंड ईशान्येला, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही. भोकाशेजारी मी एक तीन इंची खिळा ठोकला आहे, अर्धा बाहेर ठेवून. तो का, ते पुढे येईल.

खिळ्यावर चिमणा बसला आहे. डोक्यावर राखी टोपी, डोळ्यामागून मानेवर उतरणारा तपकिरी पट्टा, गळ्याखाली छातीपर्यंत पसरलेला काळा डाग. तो ‘चिव’ म्हणतो. थांबतो. पुन्हा ‘चिव’. एकच स्वर, तेवढ्याच अंतराने, गेला अर्धा तास. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल, पण त्याचं म्हणणं सरळ आहे: जागा मिळाली आहे, बघायला या. चिमण्यांमध्ये जागा हेरायचं आणि धरून बसायचं काम नराचं असतं. पसंत करणं मादीच्या हातात.

मादी तारेवर उतरते आणि त्याचे पंख थरथरायला लागतात. ती भोकाच्या काठावर येते, मान आत घालते, बाहेर काढते, पुन्हा घालते. आत जाते. तुम्ही श्वास धरलाय. तेवढ्यात छज्ज्यावरून दुसरा चिमणा थेट पहिल्याच्या अंगावर येतो. दोघं एकमेकांत गुंतून भिंतीवरून घरंगळत खाली, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर. एकाच्या चोचीत दुसऱ्याच्या मानेची पिसं. मादी बाहेर येऊन तारेवर बसते आणि बघत राहते.

हे मिटत नाही तोवर दयाळ येतो. याला तुम्ही पहाटे ऐकलंय, पाण्याच्या टाकीवर बसून तासभर गात होता तोच. काळापांढरा, शेपटी उभी, अंगाने चिमण्याच्या दीडपट. त्याची करडी जोडीदारीण सरळ पेटीच्या तोंडाशी जाते. चिमण्या पांगतात, पण लांब जात नाहीत, शेवग्यात बसून कलकलाट करतात. दयाळीण आत, दयाळ छज्ज्यावर पहाऱ्याला. सात मिनिटं राज्य त्यांचं.

मग साळुंक्या. आधी आवाज, मग पिवळे पाय छज्ज्यावर तुरुतुरु चालत येतात. नर डोक्याची पिसं फुलवून मान डोलावतो. मादी भोकात तोंड घालून चिमण्याने आणलेली गवताची काडी ओढते आणि बाहेर टाकते. दुसरी काडी. तिसरी. दयाळ दोनदा अंगावर जाऊन बघतो आणि आंब्याकडे निघून जातो. आता झालं, असं तुम्हाला वाटतं. पण साळुंक्यांची दुसरी जोडी आलेली असते. दोन नर एकमेकांच्या पायात पाय अडकवून जमिनीवर पडतात. पाठीवर आडवे, नख्या घट्ट, चोची एकमेकांच्या तोंडावर, आणि भोवती चार साळुंक्या गोल करून ओरडताहेत. तुमच्या पायापासून हे सहा फुटांवर चाललंय. त्यांना तुम्ही दिसतही नाही.

आता मान वर करा. पेटीकडे बघा. पहिला चिमणा खिळ्यावर परत आला आहे. चोचीत नवी काडी.

*

एका लाकडी पेटीसाठी एवढं रण कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. चिमणी, दयाळ, साळुंकी या तिघांनाही अंडी घालायला बंद पोकळी लागते आणि तिघांपैकी कुणालाही ती कोरता येत नाही. आमच्या भागात लाकूड कोरणारा पक्षी म्हणजे तांबट. तोही हिरव्या फांदीला सहसा चोच लावत नाही, वाळकी, भुसभुशीत झालेली फांदी शोधतो. त्याने सोडून दिलेल्या बिळात पुढे दुसरे संसार थाटतात. आणि वाळकी फांदी तर आपण पहिली तोडतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गुलमोहराची छाटणी झाली, तेव्हा खाली पडलेल्या एका ओंडक्यात तांबटाचं गोल, कंपासने काढल्यासारखं भोक होतं. कापणाऱ्याची चूक नव्हती. फांदी पडून गाडी फुटली असती. पण त्या एका ओंडक्याबरोबर या गल्लीतली एक जागा गेली. त्या जागेच्या रांगेत उभे असलेले पक्षी आता तुमच्यासमोर भांडत आहेत.

या भांडणात माझाही वाटा आहे, तो सांगायला हवा. चिमणीच्या पेटीला सव्वा इंचाचं भोक पुरतं. नेमकं सांगायचं तर 32 मिलिमीटर. तेवढ्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. मी सुताराला सव्वा इंच सांगितलं होतं. त्याच्याकडे दाराच्या कुलपाचं भोक पाडायचं गोल कटर होतं, त्याने तेच लावलं. दोन इंच. त्यावर माझंही लक्ष गेलं नाही, पेटी हातात आली आणि मी हौसेने टांगून मोकळा झालो. पाऊण इंचाच्या फरकाने चिमण्यांचं घर सगळ्यांसाठी खुलं झालं.

उपाय सोपा आहे. भोकावर सव्वा इंची भोकाची छोटी पट्टी स्क्रूने बसवायची. पट्टी खिशात घेऊन मी आठवडाभर फिरतोय. बसवली की निकाल मी लावला, ही गोष्ट मनातून जात नाही. साळुंकीला काय कमी गरज आहे? पण साळुंकी दुकानाच्या पाटीमागे, सिग्नलच्या खांबात, एसीच्या पाइपाच्या भोकात कुठेही जमवून घेते. चिमणीला तसं जमवता येईल अशा जागा आम्ही सिमेंटने बुजवत आलोय. संध्याकाळी, पक्षी रातथाऱ्याला गेल्यावर, मी पेटी खाली काढतो. आत चार काड्या आणि एक प्लास्टिकची सुतळी, अंडं नाही. अंडं असतं तर पेटीला हात लावला नसता.

पेटी तुमच्या हातात देतो. मी पेचकस शोधेपर्यंत झाकण उघडा, चेहरा आत घाला, आणि पक्षी बघतो तसं आतून भोकाकडे बघा. अंधार, भुश्याचा वास, आणि पुढ्यात उजेडाची गोल चकती. डोळा चकतीला लावा.

*

खाली माजघर आहे. तुम्ही कडीपाटाच्या फटीत आहात, तुळईच्या पाठीला चिकटून. नाकात जुन्या सागवानाचा आणि चुलीच्या धुराचा वास. वर्ष 1955. शनिवार पेठेतला वाडा. अजून छताला पंखा आलेला नाही, म्हणून वर उडणं धोक्याचं नाही. खाली एक आजी सुपात तांदूळ पाखडते आहे, कण्या जमिनीवर सांडताहेत, आणि तिच्या हाताशी सात-आठ चिमण्या टिपताहेत. ती त्यांना हाकलत नाही. हाकलायचं असतं हे तिच्या मनातही नाही.

या एका घरात चिमणीला जागा किती आहेत ते मोजा. कडीपाटाच्या प्रत्येक दोन पाटांमध्ये फट. भिंतीतल्या खुंट्या निघून पडलेली भोकं. विजेच्या मीटरची पेटी. देवादिकांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी, भिंतीला तिरक्या टांगलेल्या, प्रत्येकीच्या मागे एक त्रिकोणी पोकळी. आजोबांच्या तसबिरीमागून गवताच्या काड्या लोंबताहेत, आणि खाली एक पुठ्ठा खिळ्यांनी मारलेला आहे, पिल्लू पडलं तर झेलायला. तो पुठ्ठा कुणी, कधी मारला, हे घरात कुणाला आठवत नाही.

भांडण इथेही आहे. आरशासमोर एक चिमणा आपल्याच प्रतिबिंबाला चोची मारतोय. शेवटी आजी उठून आरशावर टॉवेल टाकते. आणि दुपारी, पंगत बसलेली असताना, दोन चिमणे तुमच्या फटीच्या तोंडाशी जुंपतात, गुंतलेलेच खाली येतात आणि पाटाच्या कडेला आपटून वेगळे होतात. एक पीस आमटीच्या वाटीत तरंगतं. मुलगा ते काढून बघतो. वरून पडलेलं पिल्लू उचलायला तो हात पुढे करतो, तेव्हा आजी ओरडते. माणसाचा हात लागलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, अशी तिची खात्री आहे. ते खरं नाही, पण त्या समजुतीने किती पिल्लं पोरांच्या हातून वाचली असतील.

रात्री ती नातवाला गोष्ट सांगते, तुम्हाला फटीतून ऐकू येते. तुम्हालाही हीच सांगितली होती: कावळ्याचं शेणाचं घर, चिमणीचं मेणाचं, पाऊस, वाहून गेलेलं घर, आणि बंद दारावरची थाप. मराठी मुलाला भाषेत पहिल्यांदा पक्षी भेटतो तोच असा, घराच्या दाराशी. चिमणीने मेणाचं घर कधी बांधलेलं नाही. तिला सहसा दुसऱ्याच्या भिंतीतलं भोक लागतं. पण दार आतून धरून ठेवणारी, बाळाचं निमित्त पुढे करणारी ती चिऊ पक्षी बघितलेल्या कुणीतरी रचली असणार, असं मला नेहमी वाटतं. भोकाच्या तोंडाशी बसलेल्या मादीचा हट्ट त्यात बरोबर उतरलाय.

पुन्हा डोळा लावा. यावेळी थोडं धीराने, कारण पुढचं बघवणार नाही.

*

घोड्यांचा वास. लीद, चामडं, ओला हरभरा. हे मुंबईतल्या एका तबेल्याच्या भिंतीतलं भोक आहे आणि साल 1906 किंवा 1907. तुमच्या शेजारी, हाताच्या अंतराहूनही जवळ, चिमणी अंड्यांवर बसली आहे. तिच्या पोटाची ऊब तुमच्या दंडाला जाणवते. भोकाबाहेर भिंतीत एक खिळा आहे आणि त्यावर चिमणा, तुमच्याकडे पाठ करून. पाठीवरच्या तपकिरी रेघा मोजता येतील इतका जवळ. त्याच्या पलीकडे खाली उभी घोडागाडी, आणि गाडीच्या चाकाआड दहा वर्षांचा एक मुलगा. हातात एअरगन.

मुलगा खेतवाडीतल्या मोठ्या गोतावळ्यात वाढतोय. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी भावंडांना सांभाळलं. बंदूकही त्यांनीच दिलेली. चिमण्या मारणं हा त्या काळच्या, त्या घरातल्या मुलांचा खेळ आहे.

फट्. खिळा रिकामा. चिमणी अंगाखाली अंडी घट्ट धरून गप्प. तुम्ही बाहेर बघायचं टाळता. आणि काही वेळातच खिळ्यावर पुन्हा चिमणा. आधीचा नाही, याच्या गळ्यावरचा डाग वेगळा आहे. हा त्याच खिळ्यावर, तसाच पाठ करून, तसाच पहाऱ्याला.

फट्.

तिसरा.

सात दिवसांत त्या मुलाने त्या एका खिळ्यावरून आठ चिमणे पाडले. प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला, जणू तो कोपऱ्यात उभाच होता. मुलाने हे वहीत लिहून ठेवलं. तेवढ्याने तो इतर मुलांपासून वेगळा झाला. नेम बरोबर लागल्याची नोंद कुणीही ठेवली असती. खिळा पुन्हा पुन्हा भरत होता, ही गोष्ट त्याने टिपली. एक-दोन वर्षांनी, 1908 च्या सुमारास, त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथले सचिव मिलर्ड यांनी त्याला कपाटं उघडून भारतातले पक्षी दाखवले. पीतकंठी चिमणी होती ती, झाडाच्या ढोलीत घरटं करणारी. मुलाचं नाव सालिम अली. 1985 साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्याच पडलेल्या चिमणीचं नाव दिलं, आणि तबेल्यातली ती बालपणीची नोंदही त्यात मोठेपणी न लपवता छापली.

ती नोंद वाचताना दरवेळी पोटात कालवतं आणि दरवेळी मी ती पुन्हा वाचतो. आठ चिमणे मेले याचं दुःख आहेच. पण आठवा मेल्यावर नववा आला असता का, हा प्रश्न मला जास्त छळतो, आणि त्या तबेल्यात तरी उत्तर ‘हो’ असं वाटतं. कारण घोड्यांच्या तोबऱ्यातून दाणा सांडत होता, लिदीवर किडे होते, चिमण्या भरपूर होत्या आणि भोकं मात्र मोजकी. ज्यांना भोक मिळालं नाही ते नर आसपास घिरट्या घालत, जागा रिकामी होण्याची वाट बघत होते. पुढे अभ्यासकांनी किती तरी जातींच्या पक्ष्यांत हे ताडून पाहिलं: जागेवरचा पक्षी गेला की न दिसलेला दुसरा पुढे येतो. या रांगेत दयामाया नसते. नव्या चिमण्याने आधीच्याची पिल्लं चोचीने मारून बाहेर टाकल्याच्या नोंदी आहेत. तरीही ती रांग म्हणजे त्या गावातल्या चिमण्यांची शिल्लक. खिळ्यावरचा एक बघून गावात चिमण्या आहेत की नाहीत ते कळत नाही. तो गेल्यावर किती वेळात दुसरा येतो, त्यावरून कळतं.

माझ्या पेटीशेजारचा खिळा त्यासाठी आहे.

*

थोडं मागे जाऊन येऊ, चटकन. थंड दगड, बाहेर धुकं. 1813, यॉर्कशायर, वॉल्टन हॉल. जमीनदार चार्ल्स वॉटर्टनने पडक्या वेशीच्या वर चुन्यादगडाची चार फुटी खोली बांधली आहे, घुबडांसाठी. घुबड दिसलं की अपशकुन, हे तिथल्या नोकरमाणसांनाही आपल्याइतकंच पक्कं माहीत होतं. तरीही त्याने ती बांधली, आणि महिनाभरात गव्हाणी घुबडांची जोडी राहायला आली. पुढे त्याने आपल्या सगळ्या रानाला उंच भिंत घातली, आत बंदुकीला मनाई केली, आणि आपल्या साळुंकीच्या युरोपातल्या भाऊबंदांसाठी, स्टार्लिंगांसाठी, भिंतीत भोकं ठेवली. त्याआधीही युरोपात घरांच्या भिंतींवर पक्ष्यांसाठी मातीची मडकी टांगत, पण ती पिल्लं काढून खाण्यासाठी. पक्षी यावा, राहावा आणि आपल्याला बघायला मिळावा, एवढ्याचसाठी भोक बांधणारी माणसं फार नव्हती. त्या दगडी भोकातून तुम्हाला दुर्बीण लावून बसलेला एक उंच, किडकिडीत माणूस दिसतो. तुम्ही मघाशी चहा घेऊन बसला होतात, तसाच.

आता पुढे या. प्लायवूडचा वास, ताजा. 20 मार्च 2010. जगात पहिल्यांदाच चिमणी दिवस साजरा होतोय आणि त्याच्या मागे नाशिकचा माणूस आहे, मोहम्मद दिलावर. त्यांची नेचर फॉरेव्हर सोसायटी लोकांना पेट्या आणि दाण्याची भांडी लावायला सांगतेय. तुम्ही एका बाल्कनीतल्या पेटीत आहात. भोकातून समोर दिसते ती नवी इमारत: गुळगुळीत भिंत, सरकत्या काचा, अॅल्युमिनियमच्या चौकटी, गच्चीपर्यंत एक फट नाही. तसबिरी आता भिंतीला सपाट चिकटतात. दुकानात धान्य पाकिटबंद येतं, सांडत नाही. खालच्या बागेत परदेशी हिरवळ आहे आणि तिच्यावर फवारा मारलेला. पिल्लाला पहिले काही दिवस आळ्या-किडेच लागतात, दाण्याने ते वाढत नाही. त्यामुळे नुसती पेटी टांगून ती भरेलच असं नाही. 2020 साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो अहवाल निघाला, त्यात चिमणीची देशातली एकूण संख्या साधारण टिकून असल्याचं दिसलं, पण मोठ्या शहरांत ती घटली आहे. खेड्यात गेलं की चिमण्या दिसतात आणि आपल्या गॅलरीत दिसत नाहीत, हा तुमचा अनुभव त्यामुळे भ्रम नाही.

बाल्कनीतला मुलगा भोकासमोर तांदूळ ठेवतो. वाट बघतो. उन्हाची चौकट फरशीवरून भिंतीपर्यंत सरकते. पेटीजवळ कुणीही भांडत नाही.

*

मला पेचकस सापडलाय. डोकं बाहेर काढा. पट्टी बसते, चार स्क्रू, भोक सव्वा इंचाचं. अंधारात शिडी लावून पेटी पुन्हा जागेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीने भोकात डोकं घातलं, खांद्याशी अडकली, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. तीन दिवस ती येऊन बघत राहिली. चौथ्या दिवशी ती जोडी कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाटीमागे प्लास्टिकच्या पिशव्या नेताना दिसली. दयाळासाठी मी काही करू शकलो नाही. त्याने शेजारच्या भिंतीतला तुटका चिनी मातीचा पाइप धरला, आपला आपण. आणि पाडव्याच्या सकाळी, गुढीला साखरेची गाठी बांधत असताना, एक चिमणी चोचीत गाठीच्याच दोऱ्याचा तुकडा घेऊन पेटीत शिरली.

आता हनुमान जयंती होऊन दोन दिवस झालेत. तुम्ही पुन्हा त्याच खुर्चीत आहात. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मादी आत अंड्यांवर आहे, भोकात तिची चोच आणि एक डोळा दिसतोय. नर खिळ्यावर, पाठ तुमच्याकडे. मध्येच खाली उतरतो, तुळशीतली एक हिरवी आळी उचलतो, पुन्हा खिळ्यावर.

शिक्रा येताना दिसत नाही. आधी सगळे आवाज एकदम बंद होतात, बुलबुल, खार, शेवग्यातली टोळी, सगळे. मग छज्ज्याखालून एक राखी रेघ सरकते, भिंतीवर पंखांचा हलका फटका ऐकू येतो आणि ती रेघ आंब्यापलीकडे निघून जाते. खिळा रिकामा. एक लहान तपकिरी पीस हवेत गिरक्या घेत खाली येतंय, तुळशीच्या कट्ट्यावर टेकतं, पुन्हा उचललं जातं.

मी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. घड्याळ बघा.

मादी भोकातून अर्धी बाहेर येते. हाक मारते. आत जाते. सव्वासात. साडेसात. शेवग्यात पहिला बुलबुल बोलतो, मग खार, पण चिमणीचा एकही आवाज नाही. तबेल्यात एवढ्या वेळात कदाचित तिसरा येऊन बसला असता. पावणेआठ. मादी बाहेर पडते, तारेवर जाते, दोन मिनिटांत परत येते, अंडी फार वेळ उघडी ठेवता येत नाहीत. तुमचा चहा मी मघाशीच आत नेऊन ठेवलाय, तो तुम्हाला नकोच होता.

सात बावन्न. कंपाउंडपलीकडून, तुमच्या पाठीमागून, एक बारीक ‘चिव’.

मान वळवू नका. तो तारेवर येतो. कोवळा आहे, मागच्याच हंगामातला असेल. गळ्यावरचा काळा डाग बोटाच्या नखाएवढा. तार, छज्जा, पुन्हा तार. पेटीवर बसतो आणि लगेच उडतो. मादी चोच बाहेर काढून अंग फुलवते आणि ओरडते. तो मागे हटतो, शेवग्यात जातो, परत येतो. उद्या तो अंड्यांचं काय करेल, ती त्याला काय करू देईल, हे तुम्हाला इथून कळणार नाही.

मग तो खिळ्यावर उतरतो, नख्या नीट बसवतो, आणि पाठ आपल्याकडे करतो.

सात सत्तावन्न. सत्तेचाळीस मिनिटं.